दंतोपचाराचे मोल आणि रोग्याची जोखीम : स्टील अहवालाचे एक वाचन

१

इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या दंतविभागाचे स्वतंत्र परीक्षण प्राध्यापक जिमी स्टील यांनी केले व त्याचा अहवाल २००९ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाला. स्टील हे न्यूकॅसल विद्यापीठात दंतवैद्यकाचे अध्यापन करीत. २०१७ साली त्यांचे निधन झाले. दंतवैद्याला मोबदला कोणत्या रीतीने द्यावा, या प्रश्नावर इंग्लंडमध्ये त्यानंतर जी चर्चा झाली तिला या अहवालाला वळसा घालून पुढे जाता आलेले नाही. मात्र ही चर्चा अर्थशास्त्राची, व्यवस्थापनाची वा वैद्यकाची आहे. अहवाल आणि करार या भाषिक रचना आहेत, त्यांत काही शब्द भार वाहतात आणि काही शब्द तो भार गुपचूप दुसऱ्यावर टाकतात, या दृष्टीने पाहणे तिला फारसे आवश्यक वाटलेले नाही. शासकीय अहवाल हा समीक्षेचा विषय कसा होऊ शकेल, अशी शंका एखाद्या अभ्यासकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या लेखनातील एका व्याख्येमुळे एखाद्या माणसाचा दात राहतो किंवा जातो, त्या लेखनाची शब्दशः छाननी करणे हे काव्यातील श्लेषाच्या छाननीहून कमी प्रतीचे काम मानता येणार नाही.

त्या अहवालातील आणि त्याच्या मागेपुढे असलेल्या करारांतील एकाच कल्पनेचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. ती कल्पना म्हणजे जोखीम. दंतवैद्यकात हा शब्द रोगसंभवाच्या अर्थाने येतो. पूर्वी किडलेले दात, वारंवार खाल्ली जाणारी साखर, तंबाखू, मधुमेह, लाळ आटविणारी औषधे, यांपैकी काही असल्यास त्या तोंडात पुढील काळात दंतक्षय किंवा हिरड्यांचा विकार होण्याचा संभव अधिक. मोबदल्याच्या व्यवहारात मात्र हाच शब्द निराळ्या अर्थाने वावरतो. अंदाजापेक्षा अधिक उपचार करावे लागले, तर तो वाढीव खर्च कोणी सोसावयाचा, हा तेथला प्रश्न. पहिली जोखीम रोग्याच्या मुखात असते. दुसरी करारावर सही करणाऱ्या पक्षांपैकी कोणाच्या तरी माथी असते. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द आहे आणि तो एका परिच्छेदात एका अर्थाने व दुसऱ्यात दुसऱ्या अर्थाने सहज वापरता येतो. मराठीत ही सोय काहीशी कमी आहे. 'धोका' असतो, 'जोखीम' घेतली जाते, पत्करली जाते, दुसऱ्यावर सोपविली जाते. 'जोखमीचा माल' म्हणताना मालाच्या नाजूकपणाइतकाच तो सांभाळणाऱ्याच्या जबाबदारीचा निर्देश होतो. म्हणजे मराठी शब्दात कर्ता आधीच उभा आहे. दंतसेवेच्या करारांचे वाचन करताना हा कर्ता शोधणे हेच मुख्य काम ठरते.

मोबदल्याच्या ज्या रीतींविषयी पाश्चात्त्य लेखनात मोठी परिभाषा तयार झाली आहे, त्या रीती मराठी माणसाला अनोळखी नाहीत. नगावर काम, उक्ते काम आणि बलुते, असे तीन शब्द घेतले की जवळजवळ सर्व प्रांत आटोपतो. (पगार ही चौथी रीत, तिचा संबंध स्वीडनच्या विवेचनात येईल.) नगावर काम करणाऱ्याला जितके नग तितके दाम. उक्ते घेणाऱ्याला संपूर्ण कामाचे एकच दाम, मग त्याला दिवस कितीही लागोत. बलुतेदाराला सुगीच्या वेळी धान्याचा वाटा. न्हाव्याने वर्षभरात किती हजामती केल्या याची मोजदाद खळ्यावर होत नसे. पाश्चात्त्य दंतसेवेतील दरडोई देयक म्हणजे तत्त्वतः बलुतेच होय. त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथात बलुतेपद्धतीची जी कठोर छाननी केली, ती वाचलेल्या अभ्यासकाला दरडोई देयकाचे दोष नव्याने सांगावे लागत नाहीत. साम्य येथेच थांबते, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. बलुत्यामागे जातीची सक्ती होती, करारामागे ती नाही.

२

राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, तेव्हा दंतोपचार निःशुल्क होते आणि दंतवैद्याला मोबदला नगावर मिळे. त्या काळच्या मुखारोग्याची कल्पना एका आकड्यावरून येते. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड व वेल्समधील ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. अशा समाजात जोखमीचे वर्गीकरण करणे हा निरर्थक खटाटोप झाला असता, कारण जवळजवळ प्रत्येक जणच अधिक जोखमीचा होता. काम अफाट होते, हात थोडे होते आणि नगावर दाम दिल्याने हात वेगाने चालत. कवळ्यांची मागणी इतकी उसळली की खर्चाचे अंदाज कोसळले. १९५१ मध्ये कवळ्या आणि चष्मे यांवर आकार बसविण्याचे ठरले आणि त्यावरून आरोग्य सेवेचे शिल्पकार अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दातांच्या हिशेबावरून मंत्रिमंडळात फूट पडावी, हे प्रकरण इतिहासात विरळच.

दंतरोग ओसरू लागला तसतसा नगावर मोबदल्याचा दुसरा चेहरा दिसू लागला. किडीचा ठिपका पाहून थांबावयाचे की भरावयाचे, या प्रश्नाला शास्त्राचे एक उत्तर आणि देयकाचे दुसरे, अशी स्थिती आली. ऑब्री शीहॅम यांनी १९७७ मध्ये दर सहा महिन्यांच्या तपासणीला शास्त्रीय आधार काय, असा प्रश्न 'लॅन्सेट'मधून जाहीरपणे विचारला. अनावश्यक दंतोपचारांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शॅन्शिफ समितीने १९८६ मध्ये अहवाल दिला. अशी समिती नेमावी लागली, यातच पुष्कळसे येते. नगावर पद्धतीत रोग्याची जोखीम मोजली जात नसे, पण ती प्रकट झाल्यावर तिची किंमत मात्र मिळे. आठ दात किडलेला रोगी हा दंतवैद्याच्या दृष्टीने आठ नगांचा रोगी असे. त्याला दारातून परत पाठविण्याचे कारण नव्हते. उलट भीती ही होती की दोन दात किडलेल्याचे चार भरले जातील.

स्टील अहवालातील सर्वांत समर्थ भाग हा या इतिहासाला त्याने दिलेल्या आकारात आहे. त्याने लोकसंख्येची विभागणी पिढ्यांत केली. सर्व दात गमावलेले वृद्ध. दात पुष्कळसे निरोगी राहिलेले तरुण. आणि या दोहोंच्या मधली, साधारणतः तिशी ते पासष्टी यांच्या दरम्यानची, एक पिढी, जिचे दात वाचले खरे, पण चांदीच्या भरणांनी भरून. या मधल्या पिढीला अहवालाने 'हेवी मेटल पिढी' म्हटले आहे. त्या पिढीच्या तारुण्यातील कर्कश संगीत आणि तिच्या तोंडातील धातू, असा हा दुहेरी श्लेष. शासकीय गद्यात श्लेष क्वचित आढळतो आणि आढळला तरी बहुधा अनवधानाने. येथे तो हेतुपुरस्सर आहे आणि कार्यक्षमही आहे. कारण भरलेला दात हा संपलेला विषय नसून पुढील चाळीस वर्षांची देखभाल आहे, हे आकडेवारीच्या कोष्टकाने जितके पटत नाही तितके या दोन शब्दांनी पटते. जोखीम म्हणजे केवळ आजची कीड नव्हे, जुन्या उपचाराचाही वारसा होय, हा विचार अहवालाने येथे नेमका पकडला आहे.

३

स्टील यांना परीक्षणाचे काम देण्याची वेळ ज्या करारामुळे आली, तो १ एप्रिल २००६ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या दरपत्रकात चारशेहून अधिक बाबी होत्या. त्या सर्व पुसून उपचारांचे तीन पट्टे करण्यात आले आणि मोजणीसाठी एक नवे माप निर्माण झाले : दंतकार्याचे एकक, ज्याला तेथे यूडीए म्हणतात. तपासणी, सल्ला, दात साफ करणे हा पहिला पट्टा, एकक १. भरणे, रूट कॅनाल, दात काढणे हा दुसरा, एकके ३. कॅप, कवळी यांसारखी प्रयोगशाळेची कामे हा तिसरा, एकके १२. तातडीच्या उपचाराला १.२. वर्षाकाठी किती एकके करावयाची हे आधीच ठरलेले; ९६ टक्क्यांहून कमी भरली तर उरलेला पैसा परत करावयाचा. एका एककाचे दाम सर्वत्र सारखे नव्हते. ऑक्टोबर २००४ ते सप्टेंबर २००५ या वर्षात त्या दवाखान्याने काय केले होते, त्यावरून ते बसविले गेले.

या व्यवस्थेचे भाषिक स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. कोणत्याही चिन्हव्यवस्थेत एककाचे मूल्य भेदांवर अवलंबून असते. जेथे भेद नाही तेथे अर्थ नाही. जुन्या दरपत्रकात भेदांची चैन होती. नव्या करारात दुसऱ्या पट्ट्याच्या पोटात जवळजवळ सर्व भेदांचा लोप झाला. एक दात भरला, ३ एकके. एका उपचारक्रमात सहा भरले, तरी ३. सहा भरले, दोन काढले आणि एका दाढेचे रूट कॅनाल केले, तरी ३. स्वरविज्ञानात विशिष्ट परिसरात दोन ध्वनींमधील भेद नाहीसा होतो, तेव्हा श्रोता संदर्भावरून अर्थ लावतो. येथे संदर्भ लावणारा श्रोता कोणी नव्हता. हिशेबखाते फक्त आकडा ऐकते.

उदाहरणादाखल एका एककाचे दाम २५ पौंड धरू. वीस मिनिटांत तपासून होणारे तीन निरोगी रोगी तासाभरात ७५ पौंड मिळवून देतात. अनेक वर्षांत दंतवैद्याकडे न गेलेला, आठ दात किडलेला एक रोगी पाच-सहा भेटी घेतो आणि तोही ७५ पौंडच देतो. नगावर पद्धतीत जो रोगी आठ नगांचा होता, तो आता पाच भेटींच्या तोट्याचा झाला. करारात त्याच्याविरुद्ध एकही शब्द नाही. त्याला नाकारावे असे कोठेही लिहिलेले नाही. तो कराराच्या व्याकरणात बसत नाही, एवढेच. आणि जे व्याकरणात बसत नाही ते हळूहळू बोलण्यातून जाते.

हे उक्ते कामाचे रूप आहे, असे म्हणता येईल, परंतु मराठी कारागिराच्या अर्थाने ते उक्तेही नव्हे. गवंडी उक्ते काम घेतो तेव्हा आधी घर पाहतो, भिंती ठोकून पाहतो, ओल कोठे आहे ते बघतो आणि मग आकडा सांगतो. येथे आकडा आधी ठरला आणि तोंड नंतर उघडले. पाहणीपूर्वीच दाम ठरविणे म्हणजे जोखमीच्या दोन अर्थांपैकी दुसरा, अर्थात खर्चाचा भार, संपूर्णतः दंतवैद्यावर टाकणे आणि पहिल्या अर्थाविषयी मौन पाळणे होय.

तथापि या कराराच्या निंदकांना सहसा एक गोष्ट सांगावीशी वाटत नाही. २००६ पूर्वी आकार देणाऱ्या रोग्याला उपचारखर्चाच्या ८० टक्के रक्कम भरावी लागे आणि तिची कमाल मर्यादा ३८४ पौंड होती. नव्या करारासोबत रोग्याचे आकार १५.५० पौंड, ४२.४० पौंड आणि १८९ पौंड असे झाले. ही प्रमाणे पाहिली तर १, २.७ आणि १२.२ अशी येतात, म्हणजे एककांच्या १, ३, १२ या शिडीला ती जवळजवळ समांतर आहेत. याचा अर्थ असा की आठ दात किडलेल्या माणसाला आता एका दाताएवढेच, ४२.४० पौंड, भरावे लागत. ज्याच्या तोंडात रोग अधिक त्याच्या खिशावर भार अधिक, हा जुना अन्याय या पट्ट्यांनी दूर केला. एवढेच नव्हे, आजाऱ्यांचा खर्च निरोग्यांनी वाटून घ्यावा हे विम्याचे मूलतत्त्व त्यांनी साध्या हिशेबात आणले. खिशाच्या दृष्टीने पाहता इतकी सोपी व उदार योजना त्यापूर्वी नव्हती. परंतु ज्या भेदलोपाने रोग्याला खिडकीवर दिलासा दिला, त्याच भेदलोपाने त्याला दारावर अडविले. रोग्याच्या आकाराचे माप आणि दंतवैद्याच्या मोबदल्याचे माप एकच ठेवण्याची काहीही तार्किक गरज नव्हती. रोग्याला सपाट दर लावून दंतवैद्याला मात्र कामानुसार मोबदला देता आला असता. एका मापाने दोन वस्तू मोजण्याचा मोह हा या कराराचा मूळ दोष होय, आणि तो दोष दुष्ट हेतूचा नसून आळशी परिभाषेचा आहे.

परिणाम लवकरच दिसले. ब्रिटिश लोकसभेच्या आरोग्य समितीने २००८ च्या जुलैमधील अहवालात नोंदविले की प्रयोगशाळेची मदत लागणारे गुंतागुंतीचे उपचार पहिल्या वर्षातच निम्म्याने घटले, २००४ च्या तुलनेत रूट कॅनाल ४५ टक्क्यांनी कमी झाले आणि दात काढण्याचे प्रमाण वाढले. रूट कॅनालला ३ एकके, दात काढण्यालाही ३; पहिल्याला दीड तास, दुसऱ्याला वीस मिनिटे. पूर्वीचे काही रूट कॅनाल अनावश्यक असतील, हे मान्य केले तरी दाताचे जाणे आणि दाताचे राहणे यांना एकच संख्या देणाऱ्या करारापासून वेगळी अपेक्षा ठेवता येत नाही. आणखी एक विसंगती होती. याच शासनव्यवस्थेतील 'नाइस' या संस्थेने २००४ मध्ये सांगितले होते की पुढील तपासणीचा काळ रोग्याच्या जोखमीनुसार ३ महिन्यांपासून २४ महिन्यांपर्यंत ठरवावा. मार्गदर्शिका म्हणते, निरोग्याला दोन वर्षांनी बोलवा. करार म्हणतो, निरोग्याला जितक्यांदा बोलवाल तितकी एकके. दोन्ही दस्तऐवज एकाच दवाखान्याच्या टेबलावर होते.

४

स्टील यांनी हे सर्व ओळखले होते, यात संशय नाही. दंतसेवेचे साध्य म्हणजे उपचारांची संख्या नव्हे, मुखारोग्य, ही अहवालाची प्रतिज्ञा आहे. त्यानुसार त्याने सेवेची एक चढती रचना सुचविली : पायाशी सार्वजनिक आरोग्य आणि तातडीची वेदनामुक्ती, मग व्यक्तिगत प्रतिबंध, नियमित देखभाल आणि शेवटी गुंतागुंतीचे उपचार. तोंड स्थिर झाल्याखेरीज महागडे काम करू नये, हा या रचनेमागील विवेक. मोबदल्याबाबत त्याने मिश्रणाचा मार्ग दाखविला. नोंदविलेल्या रोग्यांची जबाबदारी, सेवेची गुणवत्ता आणि प्रत्यक्ष काम, या तिन्हींचा हिस्सा देयकात असावा.

परंतु अहवालाच्या भाषेत एक गाळलेली पायरी आहे. 'आरोग्य', 'गरज' आणि 'जोखीम' हे तीन शब्द त्यात एकमेकांचे शेजारी म्हणून नांदतात आणि एकाच्या जागी दुसरा आला तरी वाक्य अडत नाही. वस्तुतः या तिहींचे काळ भिन्न आहेत. गरज वर्तमानकाळी आहे. आज किडलेला दात ही गरज. आरोग्य हे काही अंशी भूतकाळाचे फलित आहे. जोखीम मात्र निखळ भविष्यकाळी आहे. अद्याप न झालेल्या रोगाविषयीचे ते विधान आहे. गरजेचे दाम काम झाल्यावर देता येते. जोखमीचे दाम काम होण्यापूर्वी द्यावे लागते आणि काम यशस्वी झाले तर दाखवावयास काहीच उरत नाही. या अडचणीला अहवालाने नाव दिले नाही. दंतवैद्याने जोखीम पाहावी हे त्याने सांगितले. पाहिलेल्या जोखमीचा भाव काय, हे प्रयोगांवर सोडले.

प्रयोग २०११ मध्ये सुरू झाले. प्रत्येक रोग्याची सविस्तर तपासणी होऊन दंतक्षय, हिरड्या, दातांची झीज आणि मुखातील मृदू ऊती, या चार बाबतींत त्याला तांबडा, पिवळा किंवा हिरवा रंग मिळू लागला. वाहतुकीच्या दिव्याची ही उपमा रोग्यांना समजली व ती उपयुक्तही होती. इंग्लंडच्या दंतसेवेत जोखमीला प्रथमच एक लिपी मिळाली, असे म्हणण्यास हरकत नाही. आता पाहावयाचे ते हे, की ही लिपी कोठे लिहिली गेली आणि कोठे नाही. ती रोग्याच्या कागदावर लिहिली गेली. पुढील भेट केव्हा, हे तिने ठरविले. देयकाच्या कागदावर मात्र ती उतरली नाही. दरडोई देयकाची जी मांडणी आजमावली गेली, तिच्यात भार ठरत होता तो वय, लिंग आणि वस्तीची वंचितता यांवरून. दरिद्री वस्तीतील हिरवा रोगी आणि सुखवस्तू वस्तीतील तांबडा रोगी यांच्यातील भेद, जो दंतवैद्याला खुर्चीत दिसत होता, तो हिशेबात पुन्हा लोपला.

हे केवळ विसराळूपणाने झाले असे मानणे अन्यायाचे होईल. रंग देणारा दंतवैद्यच आणि रंगावरून दाम घेणाराही तोच, अशी रचना केली असती, तर पिवळ्याचे तांबडे होण्यास फार काळ लागला नसता. वय व पत्ता यांत फेरफार करता येत नाही, निदानात येतो. म्हणून शासनाने खरी पण लवचिक खूण सोडून ओबडधोबड पण ताठ खूण पत्करली. हा निर्णय समर्थनीय आहे. मात्र त्यात रोग्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या पिनकोडावर अधिक विश्वास ठेवला गेला, हे कबूल केले पाहिजे. प्रयोगांचे पुढील रूप २०१६ पासून चालले आणि ३१ मार्च २०२२ रोजी ते सारे बंद करण्यात आले. सहभागी दवाखाने पुन्हा एककांकडे परतले.

५

जोखीम देयकाच्या कागदावर लिहिली तर काय होते, हे पाहावयाचे असल्यास स्वीडनकडे वळावे लागते. तेथील सार्वजनिक दंतसेवेत 'फ्रिस्कटांडवोर्ड', म्हणजे शब्दशः निरोगी-दंत-सेवा, या नावाचा करार रोग्याला घेता येतो. दंतवैद्य तपासणी करून रोग्याला जोखमीच्या एका वर्गात बसवितो. त्या वर्गाप्रमाणे वार्षिक वर्गणी ठरते. ती तीन वर्षे बदलत नाही आणि त्या काळात करारात अंतर्भूत असलेले उपचार वर्गणीतच होतात. तेथील दंतवैद्य पगारी असल्याने वर्ग फुगविण्याचा लोभ व्यक्तीला फारसा नसतो. गवंड्याने भिंत ठोकून आकडा सांगावा, तसे हे आहे. शिवाय स्वीडनला जोखमीनुसार प्रतिबंधाची जुनी परंपरा आहे. कार्लस्टाड येथे पेर अ‍ॅक्सेल्सन यांनी १९७२ पासून तीस वर्षे प्रौढांचा पाठपुरावा केला व प्रत्येकाच्या जोखमीप्रमाणे भेटींचे अंतर ठेवले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दंतक्षय, हिरड्यांचा विकार आणि दात गमावणे ही तिन्ही अत्यल्प आढळली.

पण कर्त्याचा प्रश्न येथेही विचारावा लागतो. इंग्लंडच्या प्रयोगात जोखीम लिहिली गेली आणि तिचे दाम कोणी दिले नाही. स्वीडनच्या करारात ती लिहिली गेली आणि तिचे दाम रोग्याने दिले. वरच्या वर्गातील रोगी अधिक वर्गणी भरतो. ज्याची लाळ औषधांनी आटली, त्याला त्याच्या कोरड्या तोंडाचे बिल वर्षारंभीच येते. साहजिकच हा करार घेणाऱ्यांत तरुण आणि आधीच निरोगी असलेल्यांचे प्रमाण अधिक, असे तेथील संशोधकांना दिसून आले आहे. करारातील रोग्यांचे दात चांगले आहेत, या विधानातून कराराने दात चांगले केले असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. २००६ च्या इंग्लिश कराराने आकारापुरता जो भेद पुसला होता, तो स्वीडनने पुन्हा कोरला. दोहोंपैकी कोणता अधिक न्याय्य, याचे उत्तर दंतक्षयाला दोष मानावयाचे की दुर्दैव, यावर अवलंबून राहील. बालपणीच्या साखरेची जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर दोन्ही देशांतील दस्तऐवज काही बोलत नाहीत.

पुराव्याच्या बाजूने पाहिले तर जमीन अजून भुसभुशीत आहे. मोबदल्याच्या रीतींचा दंतवैद्याच्या वर्तनावर काय परिणाम होतो, याचा कोक्रेन आढावा २०१३ मध्ये निघाला. त्याच्या कसोटीला उतरलेल्या चाचण्या अवघ्या दोन. त्यांपैकी एकीत दरडोई देयक घेणारे दंतवैद्य मुलांचे दात किडीच्या उशिराच्या टप्प्यावर भरताना आढळले, भरणे आणि काढणे दोन्ही कमी, प्रतिबंधाचा सल्ला अधिक. यातील 'उशिराचा टप्पा' हा शब्दप्रयोग संयमाचाही असू शकतो आणि दुर्लक्षाचाही. चाचणीची भाषा तो भेद करीत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये काही दवाखाने वर्षभर नगावरून दरडोई देयकावर नेऊन परत आणले गेले, तेव्हा उपचारांची संख्या एकदम खाली आली आणि जुनी पद्धत येताच पूर्वपदावर गेली. रोग्यांच्या तोंडातील जोखीम त्या वर्षात निश्चितच वरखाली झाली नव्हती. याउलट 'इंटरव्हल' नावाच्या ब्रिटिश चाचणीत चार वर्षांअंती ६ महिन्यांची, जोखमीनुसार ठरविलेली आणि (योग्य वाटलेल्या रोग्यांपुरती) २४ महिन्यांची तपासणी यांत मुखारोग्याचा महत्त्वाचा फरक पडला नाही. शीहॅम यांच्या १९७७ च्या प्रश्नाला हे उशिरा आलेले उत्तर म्हणता येईल. निरोग्यांवर खर्च होणारी एकके वाचू शकतात, एवढे तरी त्यातून निष्पन्न होते; ती कोणाकडे वळवावी हे चाचणी सांगत नाही.

२५ नोव्हेंबर २०२२ पासून इंग्लंडने दुसऱ्या पट्ट्याचे तीन भाग केले. साधे भरण व काढणे यांना पूर्वीप्रमाणे ३ एकके. तीन वा अधिक दात भरणे किंवा काढणे, तसेच दाढेखेरीज अन्य दाताचे रूट कॅनाल यांना ५. दाढेच्या रूट कॅनालला ७. रोग्याचा आकार मात्र तिन्हींना एकच राहिला. सोळा वर्षांनंतर दोन मापे एकमेकांपासून सुटी झाली, ही गोष्ट आकड्यांच्या बदलाहून अधिक महत्त्वाची आहे. तरीही तीन भरणे आणि अकरा भरणे यांतील भेद त्या दुरुस्तीनंतरही लोपलेलाच राहिला. २०२५ च्या जुलैमध्ये विचारार्थ मांडलेल्या दुरुस्त्यांत गुंतागुंतीच्या गरजेच्या रोग्यांसाठी स्वतंत्र उपचारक्रम व स्वतंत्र देयक सुचविले गेले. त्याची पात्रता ठरते ती आधीच पसरलेल्या किडीवरून किंवा हिरड्यांच्या गंभीर विकारावरून. औषधांनी लाळ आटलेला, परंतु अद्याप एकही दात न किडलेला रोगी त्या पात्रतेत येत नाही. त्याच्या तपासणीचे एकक २००६ मध्ये १ होते; २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते १ च राहिले.